एका इंचाला एक फूट

सरोज टॉकीजच्या मागच्या बोळात
माझं मांजरपाट ताणलेलं असे,
त्यावर सरसाचा हात, मग खडूच्या चौकटी.
एका इंचाला एक फूट, साधा हिशेब.
चेहरा केवढाही असो,
मी एका वेळी एकच चौकट बघायचो:
कधी नाकपुडी, कधी भुवईचं शेपूट.

पहिल्या चित्राला वसंत खैरनार अठरा फूट.
आपला नाशिकचाच,
रविवार कारंज्याला बापाचं सायकलचं दुकान.
ती त्याच्या खांद्याशी, ताटाएवढी.
मुंबईच्या कागदावर नाव नव्हतं, नुसतं ‘नवी मुलगी’.
मेळ्यात गाताना ऐकून त्यानंच आणलेली.
कुमुद हे नावही त्याचंच,
आणि पुढच्या साली त्र्यंबकला लग्न लावून
आडनावही.

मग दर चित्राला वितरकाची चिठ्ठी:
बाईंना दोन फूट वाढवा.
कापड तेवढंच.
ते दोन फूट कुणाचे जाणार
हे चिठ्ठीत लिहायची पद्धत नव्हती.

नाशिकात पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात.
घोट्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं;
गाव पुलावर उभं राहून बघतं.
तिचं पाणी चढताना आम्ही तसेच उभे होतो
शेंगदाणे खात.
मारुती कोण, हे कुणाच्या ध्यानात आलं?
माझ्या आलं होतं.
ब्रश थांबवला नाही. घरी तीन पोरी होत्या.

पंधरा. बारा. नऊ.
एकदा तर तिच्या केसांमागे नुसता जबडा उरला.

एका रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर
तो बोळात आला. तोंडाला वास, बूट मात्र चकचकीत.
मी शिडीवर, तो खाली.
“पेंटर, यात मी कुठाय?”
ब्रशनं दाखवला:
तिच्या कुडीखाली, गर्दीत, डावीकडून दुसरा.
जवळ जाऊन बघत राहिला.
“कान बरोबर जमलाय तुला,” म्हणाला.
कुणाचा, ते नाही सांगितलं.
खिशातली चिवड्याची पुडी
माझ्या रंगाच्या डब्यावर ठेवून गेला.

आठवड्यानं ती आली,
मोटार शालिमारला सोडून, पदर डोक्यावरून घेऊन.
“त्यांना माझ्याएवढं काढा. कापडाचे पैसे मी देते.”
“बाई, यात त्यांचं काम दोन मिनिटांचं.”
“एक मिनिट चाळीस सेकंद,” ती म्हणाली.

फोटो नव्हता. चौकटी आखता येईनात.
उभ्या हयातीत पहिल्यांदा आठवून काढला:
शिडीखालून वर बघणारा,
डोळ्यांखालच्या पिशव्यांसकट.
वीस फूट. तीही वीस.
सकाळी सातला वर चढवला.

अडीचला वितरकाचा माणूस आला
आणि मी चुन्याचा हात मारला. माझ्याच हातानं.
तेवढा वेळ तो तिच्याएवढा होता.
टांगेवाल्यांनी पाहिला, कॉलेजच्या पोरांनी पाहिला.
तो स्वतः देवळालीच्या सॅनेटोरियममध्ये,
तिथून कुठं दिसणार टॉकीज.
त्या पावसाळ्यात गेलाच.

तिचं पाणी पुढं अकरा वर्षं टिकलं.
मग एका चिठ्ठीत आलं:
नव्या बाईंना दोन फूट वाढवा.
ती कुठं असते, ठाऊक नाही.
कुणी पुणं म्हणतं.

सरोज पाडली तेव्हा
कापडं पिंपळगावच्या बागाईतदारानं वजनावर नेली,
बेदाणे वाळवायला.
परवा त्याचा मुलगा सांगत होता:
एका कापडाचा चुना धुऊन गेलाय,
खाली कुणीतरी माणूस आहे, वर बघणारा.
बाया अनवाणी फिरतात त्याच्यावर, द्राक्षं हलवत.
त्यातली एक म्हातारी
डोळ्यांपाशी आली की वळसा घालते.